कापसाच्या खोलीत अडकलेल्या भाऊंसाठी: लहानपणीची भीती मोठेपणी का उरते

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडते. तुम्ही मूळचे चोपड्याकडचे, आता चाकणला कंपनीत, वय 34. सहा-सात वर्षांचे असताना आतेभावांनी गंमत म्हणून तुम्हाला कापसाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. काकांनी त्याआधीच डोक्यात भरवून ठेवलेलं की मागच्या पिंपळावरचा मुंजा अंधारात पोरं उचलतो. आत किती वेळ होतात ते आठवत नाही. आज लाइट बंद करून झोप लागत नाही, कंपनीच्या गेस्टहाऊसला एकटे असलात की रात्रभर टीव्ही चालू ठेवता, गावी गेलं की रात्री परसात जायला बायकोला उठवता आणि ती हसते. आता सहा वर्षांचा मुलगा पण 'पप्पा लाइट नका बंद करू' म्हणायला लागलाय, आणि तुमचे वडील म्हणतात की बापासारखंच भित्रं निघालं. हे वेडेपण आहे का, आणि इतक्या वर्षांनी जाईल का, असं विचारलंय.

वेडेपण अजिबात नाही. आणि जातं, बऱ्यापैकी जातं, पण कसं जातं ते नीट समजून घेतलं नाही तर माणूस दोन दिवस करून सोडून देतो, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. मी जळगावात बावीस वर्षं हेच काम करतेय, समुपदेशन म्हणा, थेरपी म्हणा. खाली जी उदाहरणं येतील त्यांचे तपशील मी बदललेत, कोणी स्वतःला किंवा शेजाऱ्याला शोधत बसू नये.

आधी हे की लहानपणी भीती वाटणं हे मूल नीट वाढत असल्याचं लक्षण असतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणूस बघून रडतं, कारण आता त्याला ओळखीचं आणि परकं कळायला लागलेलं असतं. मग आई नजरेआड झाली की आकांत. तीन ते सहाच्या दरम्यान अंधार, भूत, खाटेखालचं काहीतरी, कारण कल्पनाशक्ती धावायला लागलेली असते आणि खरं-खोटं वेगळं करणारी चाळणी अजून तयार नसते. सात-आठनंतर चोर, आग, आई-बाबा मरतील ही भीती, आणि वयात आल्यावर लोक काय म्हणतील. बहुतेकांच्या बाबतीत एक भीती जाते, दुसरी येते, तीही जाते. दुधाच्या दातांसारखं. थोड्यांचे दात पडत नाहीत, तो आपला विषय.

आता मुंजाचं. आपल्याकडे खान्देशात पोरांना घाबरवायची मोठी यादी आहे, पिंपळावर मुंजा, विहिरीत आसरा, रात्री शेतात चकवा, नाल्याच्या काठी हडळ, आणि दुपारी झोपलं नाही तर झोळीवाला. शहरातली शिकलेली मंडळी याला लगेच अंधश्रद्धा म्हणून मोकळी होतात, पण मी गावात वाढलेय, रावेर तालुक्यात, आणि मला यातलं व्यवहारी डोकं पण दिसतं. कठडा नसलेल्या विहिरी, तापीचे डोह, केळीच्या बागेत गारव्याला आलेला साप, रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावणारा मण्यार, आणि शेतात राबणाऱ्या आईबापाला दिवसभर पोरामागे फिरायला वेळ नाही. मग विहिरीत आसरा बसवली की पोरगं काठापर्यंत पण जात नाही. राखणदार फुकटचा. माझ्या आजीनं मला असंच वाढवलं आणि मी तिला दोष देत नाही. फक्त या राखणदाराला रिटायर करायचं कोणी लक्षात ठेवत नाही. पोरगं पोहायला शिकतं, लग्न करतं, त्याचं स्वतःचं पोरगं होतं, आणि आसरा तिथंच बसलेली.

आणि सातपुड्याच्या पायथ्याला यावल-चोपड्याकडे रात्री केळीत पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला बिबट्याची भीती वाटली तर त्याला मी ट्रीटमेंट देत नाही, बॅटरी घे, काठी घे, दोघं जा असं सांगते. मण्यारचं पण तेच, खाली झोपू नका, मच्छरदाणी नीट खोचून घ्या. खऱ्या धोक्याची भीती घालवायची नसते. घालवायची ती, जी धोक्याच्या मानाने फार मोठी आहे आणि तुमचं जगणं अडवतेय.

भीती आत शिरते कशी, तर ढोबळ मानाने तीन वाटा सांगतात. रॅकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये हे मांडलं, स्वतःवर ओढवलेला प्रसंग, दुसऱ्याला घाबरताना बघणं, आणि नुसतं ऐकणं. तुमच्या बाबतीत काकांनी ऐकवून जमीन नांगरली आणि आतेभावांनी त्यात बी टाकलं. नुसती कडी लागली असती तर तुम्ही कदाचित दहा मिनिटं रडून विसरला असता. नुसता मुंजा असता तर दहाव्या वर्षी सुटला असता. दोन्ही एकत्र आलं.

पहिल्या वाटेवरचा एक फार जुना आणि आज बघितला तर संताप येईल असा प्रयोग आहे, 1920 चा, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला. वॉटसन आणि रेनर या दोघांनी अकरा महिन्यांच्या एका बाळाला, त्याचं नाव त्यांनी अल्बर्ट ठेवलं, पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यामागे लोखंडी सळीवर हातोडा मारायचा असं केलं. आधी तो उंदराला हात लावायला जायचा. थोड्याच वेळा असं केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी रडून लांब सरकायला लागला. मग ससा बघून पण, कुत्रा बघून पण, केसाळ कोट बघून पण, आणि भाऊ, कापसाचा पुंजका दाखवला तेव्हाही तो बिचकला. भीती अशी पसरते, सारख्या दिसणाऱ्या गोष्टींवर गळत जाते. त्या बाळाची भीती त्यांनी घालवली नाही, तसंच सोडून दिलं.

चार वर्षांनी, 1924 मध्ये, मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी उलटं करून दाखवलं आणि मला नेहमी वाटतं की आमच्या धंद्यात हातोडेवाल्यापेक्षा हिचं नाव जास्त घ्यायला पाहिजे. पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा, ससा, उंदीर, लोकर, कापूस सगळ्याला घाबरणारा. बाईंनी काय केलं, तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, खोलीच्या लांबच्या टोकाला. मग थोडा जवळ. मग अजून जवळ. मग पिंजऱ्याबाहेर. बरोबर न घाबरणारी मुलं पण खेळायला असायची. मध्ये एकदा त्याला कुत्र्याने घाबरवलं आणि तो परत मागे गेला, बाईंनी परत चालू केलं. शेवटी तो सशाला मांडीवर घेऊन कुरवाळायचा. आज आम्ही जे करतो त्याचं मूळ इथंच आहे, नंतर वोल्पे वगैरेंनी 1958 च्या सुमारास त्याला पद्धत दिली, शिथिलीकरण शिकवायचं, पायऱ्या ठरवायच्या वगैरे.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, की 28 वर्षं का टिकली. लोक समजतात की जुनी जखम आहे, खोल गेलीय म्हणून टिकलीय. मला तसं वाटत नाही. तुमची भीती 28 वर्षं जुनी नाहीचये भाऊ, ती काल रात्रीची आहे. काल रात्री तुम्ही लाइट चालू ठेवून झोपलात ना, तेव्हा मेंदूनं हिशेब लिहिला की लाइट होता म्हणून वाचलो. परवा पण तोच हिशेब. बायकोला उठवलं म्हणून वाचलो. असं रोज रात्री एक नोंद, वर्षाला 365, आणि एकदाही समोरच्या बाजूला नोंद नाही की लाइट नव्हता तरी काही झालं नाही. मेंदूतली ती बदामाच्या आकाराची गाठ, अमिग्डाला म्हणतात तिला, तिला वयाचा दाखला कळत नाही, तिला फक्त वहीतल्या नोंदी कळतात. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, छाती हलकी होते, आणि ते बरं वाटणं हेच भीतीचं खत.

माझंच सांगते. आमच्या गावात पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनची, त्याची ती पुक् पुक् अख्ख्या गावात ऐकू यायची. इंजिनपासून जात्यापर्यंत लांब रुंद पट्टा, आणि पट्ट्याला जिथं लोखंडी क्लिपांनी जोड दिलेला तो जोड चाकावरून गेला की फट् आवाज. कोणीतरी सांगितलेलं की एका बाईचा पदर त्यात गेला आणि ती पण गेली. खरं-खोटं देव जाणे. मला दादर (आमच्याकडची ज्वारी) आणि उडदाचा डबा डोक्यावर देऊन कळण्याचं पीठ आणायला पाठवायचे आणि मी दारातच डबा ठेवून पळून यायचे, मग आजोबा जाऊन घेऊन यायचे. सगळे हसायचे, पण कोणी मला आत नेऊन उभं केलं नाही. लग्न झालं, सासरची गिरणी इलेक्ट्रिकची, पट्टा जाळीच्या आत, तरी मी तीस वर्षांची बाई, मानसशास्त्र शिकलेली, लोकांच्या भीत्या घालवणारी, डबा दारात ठेवून 'भाऊ घेऊन ठेवा हो, येतेच मी' म्हणून सटकायचे. नवऱ्यानं पकडलं एक दिवस. मग दोन आठवडे रोज जाऊन उभी राहिले, आधी उंबऱ्यावर, मग आत बाकड्यावर, मग चक्कीला हात लावून. गिरणीवाल्याला वाटलं मी पिठात भेसळ आहे का बघायला येतेय. आजही तो फट् आवाज अचानक आला तर पोटात एक गोळा येतो, पण दळण मी स्वतः आणते.

आता तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकली ती सांगते, कारण तिथं सगळी किल्ली आहे असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय अंधाराची भीती. मग गेस्टहाऊसमध्ये टीव्ही का? अंधारच नको असेल तर ट्यूबलाइट पुरली असती की. आणि गावी बायकोला उठवता, हातात मोबाइलची बॅटरी असताना.

कापसाची खोली ज्यानं बघितलीय त्याला लगेच कळेल. भिंतीपासून भिंतीपर्यंत छातीएवढा कापूस, पाय टाकला की आत जातो, नाकात तो धुळकट वास, अंगाला खाज, आणि आवाज जात नाही. कापूस आवाज पिऊन टाकतो. आम्ही पोरं कापसात उड्या मारायचो तेव्हा दोन हातांवरचा दुसरा काय ओरडतोय ते नीट कळायचं नाही. म्हणजे तुम्ही ओरडला असणार, खूप ओरडला असणार, आणि बाहेर ते गेलंच नाही. मला वाटतं तुमच्या मनात बसलंय ते अंधारापेक्षा 'मी हाक मारली तरी कोणी येणार नाही' हे. म्हणून टीव्ही, कारण टीव्हीत माणसांचा आवाज असतो. म्हणून बायको. चुकत असेन तर तुम्ही सांगा, पण बावीस वर्षांत मी हे पुष्कळदा बघितलंय की माणूस एका गोष्टीचं नाव घेतो आणि घाबरत असतो दुसऱ्याच गोष्टीला. एक शिक्षिका पालीला घाबरायच्या, खोदून विचारलं तर पालीचं काही नव्हतं, पाल अचानक पडते त्या अचानकचं होतं, फटाका, फोनची रिंग, मागून आलेला माणूस, सगळ्यालाच दचकायच्या. पालीवर काम करत बसले असते तर वर्ष वाया गेलं असतं.

उपाय काय, तर आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवायचे ना तसं. पाठीला तेलाचा रिकामा डबा, तोंड झाळून बंद केलेला, कमरेला दोर, दोराचं टोक वर काकाच्या हातात, आणि बाप किंवा मोठा भाऊ आधीच पाण्यात उतरलेला. पहिल्या दिवशी नुसतं पायरीवर बसून पाय हलवायचे. मग डब्यासकट सोडायचं. आठ दिवसांनी दोर सुटतो, पंधरा दिवसांनी डबा. पोरगं ओरडतं, पाणी पितं, पण शिकतं. दुसरी पद्धत पण असते, न सांगता मागून ढकलायचं, 'आपोआप शिकतो' म्हणून. काही खरंच शिकतात. माझ्याकडे त्यातले न शिकलेले येतात. एक गृहस्थ पंचेचाळिशीचे, तापीचा पूल आला की बसमध्ये मधल्या सीटवर सरकून डोळे मिटून घ्यायचे, त्यांना आठव्या वर्षी असंच ढकललेलं. तेव्हा कोणी तुम्हाला सांगेल की एक रात्र त्याच खोलीत झोप, सगळं निघून जाईल, तर त्याला नमस्कार करा आणि पुढे जा.

तुमच्यासाठी पायऱ्या मी अशा लावीन. एक वही घ्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता मरतो, असा आकडा प्रत्येक वेळी आधी आणि नंतर लिहायचा. आणि त्याहून महत्त्वाचं, करायच्या आधी एक वाक्य लिहायचं की माझ्या मते काय होईल. 'भीती वाटेल' असं नाही लिहायचं, ते तर वाटणारच आहे. 'श्वास अडकेल', 'कोणीतरी मागून धरेल', 'मी ओरडेन आणि कोणाला ऐकू जाणार नाही', असं ठोस. मग करून झाल्यावर बघायचं, झालं का. भीती घालवायच्या उपचारात अलीकडे यावरच भर असतो, भीती किती कमी झाली यापेक्षा जे होईल असं वाटत होतं ते झालं का. मेंदूला चुकलेला अंदाज पक्का लक्षात राहतो.

चाकणच्या घरी सुरुवात करा, बायको घरात असताना. पहिले काही दिवस संध्याकाळी सातला, झोपायच्या वेळी नाही, बेडरूममध्ये लाइट बंद, दार उघडं, बाहेरून घरच्यांचे आवाज येतायत, पंधरा-वीस मिनिटं बसा. मोबाइल बाहेर. हे आकड्याने तीन-चारपर्यंत आलं की दार लावा. मग घरच्यांना बाहेर फिरायला पाठवा, म्हणजे अंधार नाही, लाइट चालू, पण घर शांत, टीव्ही बंद. माझा अंदाज खरा असेल तर तुम्हाला हीच पायरी अंधारापेक्षा जड जाईल, बघा. मग शांतता आणि अंधार दोन्ही. मग झोपताना छोटा नाइट लॅम्प, मग तो पॅसेजमध्ये, मग बंद. गेस्टहाऊसला टीव्हीचा आवाज आधी कमी, मग म्यूट, मग बंद. प्रत्येक पायरीवर एकच नियम, भीती वर चढत असताना उठून जायचं नाही. ती लाटेसारखी असते, चढते, वाटतं आता फुटतो, पण बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात स्वतःहून उतरायला लागते. चढतीला उठलात तर जुन्याच वहीत अजून एक नोंद. आणि चोरून डबा बांधायचा नाही, म्हणजे खिशात मोबाइल, उशाशी बॅटरी, मनातल्या मनात जप. हो, जपाला मी फक्त सुरुवातीला हो म्हणते, नंतर तोही सोडायला लावते. देवाला माझा विरोध नाही, फक्त 'जप केला म्हणून वाचलो' ही नोंद आपल्याला नकोय.

रोज केलं तर दोन-तीन महिन्यांत पुष्कळ फरक पडतो. स्वीडनमधल्या ओस्ट यांनी तर ठरावीक फोबियासाठी एकाच बैठकीत, तीन तासांपर्यंतच्या, उपचार करायची पद्धत बसवलीय आणि ती चालते पण. घरच्या घरी ते करू नका, त्यात शेजारी शिकलेला माणूस बसलेला असतो.

एक अपवाद इथंच सांगून टाकते कारण वाचणाऱ्यांत असे बरेच असतील, सुई आणि रक्ताची भीती. बाकी भीतीत बीपी वाढतं, यात आधी वाढतं आणि मग धाडकन पडतं, माणूस चक्कर येऊन कोसळतो. भुसावळकडचा एक ट्रक ड्रायव्हर, सहा फूट, रात्री-बेरात्री घाट चढवणारा, इंजेक्शन बघून आडवा व्हायचा आणि गावात त्याची जाम चेष्टा. अशा माणसाला 'अंग सैल सोड, खोल श्वास घे' सांगणं म्हणजे त्याला अजून लवकर पाडणं. उलट हातापायाचे, पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की थोडं सोडायचं, परत आवळायचे. पाच-सहा वेळा. बीपी टिकतं. त्यानं मागच्या वर्षी रक्तदान केलं आणि फोटो पाठवला, झोपलेला, तोंड वाकडं, पण शुद्धीत.

तुमच्याकडे परत येते. एक दिवस असा येईल, चार महिन्यांनी, वर्षाने, की ऑफिसचं टेन्शन, ताप आलेला, घरात मयत झालेली, आणि परत लाइट लावून झोपावंसं वाटेल. तेव्हा 'सगळं फुकट गेलं' म्हणू नका. जुनी आठवण पुसली जात नसते, तिच्या शेजारी नवी बसते, आणि दोघींत कोण वरचढ ते त्या दिवसावर ठरतं. नवी जागा, थकवा, आजारपण, यात जुनी डोकं काढते. दोन पायऱ्या खाली उतरा आणि परत चढा, दुसऱ्यांदा फार लवकर चढता येतं. पीटरचं पण तसंच झालेलं.

आता पोराचं. सहाव्या वर्षी लाइट मागणं यात काही बिघडलेलं नाही, तो वयानेच तिथं आहे. पण तो तुम्हाला बघतोय, हे खरं. सुझन मिनेका यांनी माकडांवर काम केलं 1980 च्या दशकात. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती, पण जंगलातून आणलेल्या माकडांना सापापुढे घाबरताना नुसतं बघितलं आणि ती पण घाबरायला लागली, थोड्याशा वेळात. मात्र ज्यांनी आधी एका शांत माकडाला सापाजवळ आरामात वावरताना बघितलं होतं, त्यातल्या बहुतेकांना नंतर घाबरलेलं माकड बघून पण भीती लागली नाही. लसच म्हणा की. म्हणून तुम्ही स्वतःच्या पायऱ्या चढाल ती पोराची अर्धी ट्रीटमेंट.

त्याच्याशी वागायचं कसं, तर हसायचं नाही, 'मुलं घाबरतात का' म्हणायचं नाही, आणि आजोबांना नम्रपणे पण ठामपणे सांगायचं की बाबा, भित्रा हा शब्द नको. पोराला एकदा नाव पडलं की ते नाव तो निभावतो. माझ्याकडे एक आठ वर्षांचा आला, काय होतं रे विचारलं तर म्हणाला 'मले भेव लागते, मी भेद्रट आहे ना', नाव-गाव सांगावं तसं सांगितलं त्यानं. पण दुसऱ्या टोकाला पण जाऊ नका, रोज खाटेखाली बॅटरी मारून 'बघ, भूत गेलं' करू नका, कारण गेलं म्हणजे होतं. त्यानं हाक मारली की जा. हे तुमच्या घरात तर फारच महत्त्वाचं आहे, कारण बापाला त्या वयात कोणी ऐकलं नव्हतं. जा, पण लाइट लावू नका, त्याला उचलून तुमच्या खोलीत आणू नका, दारात उभं राहून शांत आवाजात दोन वाक्यं, 'आहे मी, ऐकलं मी', पाठीवर हात, आणि परत या. दुसऱ्या रात्री थोडं उशिरा जा. त्यालाच विचारा नाइट लॅम्प किती लांब ठेवायचा, त्याचा तो ठरवेल. दिवसा अंधारातले खेळ खेळा, गोधडीखाली बॅटरीनं भिंतीवर सावल्या, डोळे बांधून वस्तू ओळखणे.

आणि झोपल्यावर तास-दीड तासाने तो किंचाळत उठून बसला, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही, सकाळी आठवत नाही, तर ते भूत बघितलेलं नाही आणि ते वाईट स्वप्न पण नाही, गाढ झोपेतून अर्धवट जागं होणं असतं, बहुतेक मुलांचं वयानुसार थांबतं. हलवून उठवू नका, पडणार नाही एवढं बघा. मोठ्यांमध्ये पहाटे जाग येते आणि हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, ते पण झोपेचंच, मेंदू जागा झालेला आणि शरीर अजून स्वप्नाच्या कुलपात. यासाठी किती जणांनी बाबा-भगतांकडे कोंबडं दिलंय त्याचा हिशेब नाही.

डॉक्टर कधी गाठायचा? सहा महिन्यांहून जास्त चाललंय आणि नोकरी, झोप, प्रवास, शाळा अडतेय तर गाठाच. भीतीवर उतारा म्हणून रोज क्वार्टर किंवा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी चालू झाली असेल तर आजच. आवाजाने दचकणं, तोच प्रसंग डोळ्यापुढे परत परत, स्वप्नं, असं असेल तर पायऱ्यांचं काम एकट्याने करू नका. 14416 हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, 2022 पासून चालू, फुकट, मराठीत बोलतात.

आणि एक गोष्ट मी कधीच पुढे ढकलत नाही. मूल अंधाराला नाही, एका ठरावीक माणसाला, एका ठरावीक घराला, एका ट्यूशनला घाबरायला लागलं, अचानक अंथरूण ओलं करायला लागलं, अंगाला हात लावू देईना, तर तिथं पायऱ्या नाही लावायच्या. तिथं भीती बरोबर असू शकते. शांतपणे ऐकायचं, त्याला त्या माणसासमोर परत उभं करायचं नाही, आणि 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन.

तुम्हाला शेवटची पायरी गावाकडचीच आहे. दिवाळीला जाल तेव्हा वेचणी चालू असेल, खोलीत कापूस येऊन पडलेला असेल. आधी दिवसा जा, दार उघडं ठेवून बसा. आतेभावांना बरोबर घ्यायचं का ते तुमच्या संबंधांवर, पण एकाला तरी सांगा एकदा की त्या दिवशी मला काय झालं होतं, त्यांना आठवत पण नसेल आणि ते ऐकून त्यांनाच घाम फुटेल. मग संध्याकाळी, दार आतून ओढून, बाहेरची कडी आधी काढून खिशात टाकून. ओरडायचं नाही, हाक मारायची नाही, बसून राहायचं, आकडा उतरेपर्यंत, आणि मग स्वतःच्या हाताने दार ढकलून बाहेर यायचं. मुलगा बाहेर अंगणात असू दे. फुल बाहीचा शर्ट घाला मात्र, ती कापसाची खाज रात्रभर झोपू देत नाही आणि मग उगाच वाटेल की भीतीनं झोप लागली नाही.